झेडएक्स८१ आणि १६के रॅम पॅक: मशीन मध्येच हँग होतं तेव्हा नेमकं कुठे बघायचं

लक्षण सगळ्यांकडे सारखंच असतं. झेडएक्स८१ या सिंक्लेअरच्या जुन्या घरगुती संगणकाला मागे १६के रॅम पॅक (वाढीव मेमरीचा डबा) लावून मशीन चालू केलं, कर्सर आला, शंभरेक ओळींचा प्रोग्रॅम टाईप झाला आणि न्यूलाइन (म्हणजे एंटर) दाबताक्षणी पडदा पांढरा पडला. कधी पांढऱ्याऐवजी आडव्या रेघा येतात, कधी चित्र आहे तसं थिजतं. ब्रेक दाबून काही होत नाही. या मशीनला रीसेटचं बटण नाही आणि पॉवरचा स्विचही नाही, त्यामुळे प्लग उपसणं एवढाच मार्ग उरतो आणि टाईप केलेलं सगळं जातं.

यावरचा नेहमीचा सल्ला म्हणजे पॅकखाली चिकटमाती लावा. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. एकाच लक्षणामागे चार वेगवेगळी कारणं असतात: एज कनेक्टरचा (पॅक जिथे बसतो त्या बोर्डाच्या कडेचा) लूज कॉन्टॅक्ट, ९ व्होल्टचा अशक्त पुरवठा, तापलेला रेग्युलेटर (९ चे ५ व्होल्ट करणारा भाग), आणि पॅकमधली बिघडलेली मेमरी चिप. पहिलं कारण सर्वांत जास्त आढळतं. पण ते गृहीत धरून चिकटमाती लावली आणि दोष पुरवठ्यात असला, तर महिनाभर डोकं खपवूनही हाती काही लागत नाही. म्हणून आधी कारण ओळखायचं आणि मगच मशीनला हात लावायचा.

हेच मशीन एवढं हळवं का

मार्च १९८१ मध्ये सिंक्लेअर रिसर्चने हे मशीन ब्रिटनमध्ये आणलं. किट ४९.९५ पौंडांना आणि तयार मशीन ६९.९५ पौंडांना होतं. किंमत एवढी खाली आणण्यासाठी चिपांची संख्या चारवर आणली होती: झेड८०ए प्रोसेसर, ८के रॉम (कायमचा भरलेला प्रोग्रॅम; के म्हणजे १०२४ बाइट), १के रॅम आणि बाकी सगळं काम करणारी फेरांटी कंपनीची यूएलए ही खास चिप. (रॅमसाठी २११४ च्या दोन चिपा वापरल्या असतील तर पाच.) वेगळी व्हिडिओ चिप नाही. पडद्यावरचं चित्र प्रोसेसर स्वतः काढतो, तेही रॅममधून वाचून, सेकंदाला ५० वेळा.

ते कसं चालतं हे कळलं की बिघाड आपोआप कळतो. पडद्यावरची अक्षरं रॅममध्ये डिस्प्ले फाइल म्हणून साठवलेली असतात आणि प्रोसेसर ती फाइल जणू प्रोग्रॅम असल्यासारखी 'चालवतो'. यूएलए वाटेत अक्षराचा बाइट स्वतःकडे घेते आणि प्रोसेसरच्या हाती 'काही करू नको' ही सूचना देते. प्रत्येक ओळीच्या शेवटी ११८ हा बाइट असतो. प्रोसेसरच्या दृष्टीने ती थांबण्याची आज्ञा असते. पॅक लावल्यावर ही पूर्ण फाइल ७९३ बाइटांची होते आणि ती पॅकमध्येच असते. संपर्क क्षणभर सुटला, एखादा ११८ चुकीचा वाचला गेला, की प्रोसेसर ओळीचा शेवट चुकवून पुढे भरकटतो. दुसऱ्या एखाद्या संगणकावर एवढ्याने एक अक्षर बिघडलं असतं. इथे अख्खं मशीन जातं.

तुमच्याकडे नेमकं कोणतं मशीन आहे

झेडएक्स८० (आधीचं मॉडेल) असेल आणि प्रत्येक कळ दाबल्यावर पडदा लुकलुकत असेल, तर तो बिघाड नाही. त्या मशीनला गणित आणि चित्र ही दोन्ही कामं एकाच वेळी जमत नाहीत. झेडएक्स८१ 'फास्ट' मोडमध्ये (चित्र थांबवून हिशेब भरभर करताना) असतानाही तसंच दिसतं. 'स्लो' ही आज्ञा टाईप करून पाहा आणि मगच बिघाड शोधायला लागा. १६के पॅक झेडएक्स८० वरही चालतो, आणि खाली संपर्क आणि पुरवठ्याबद्दल जे लिहिलं आहे ते त्यालाही लागू आहे. मेमरीच्या आकड्यांची चाचणी मात्र ८के रॉम असलेल्या मशीनसाठीच आहे.

टाइमेक्स सिंक्लेअर १००० हा अमेरिकेतला भाऊ, आत २के रॅम आणि अमेरिकी टीव्हीच्या एनटीएससी पद्धतीचं चित्र. एज कनेक्टर तोच, त्यामुळे दुखणंही तेच. टाइमेक्स सिंक्लेअर १५०० मध्ये १६के आतच आहे. ते पॅकशिवाय हँग होत असेल तर संपर्काचा भाग सोडून सरळ पुरवठ्याकडे जा.

यूएलएच्या तीन आवृत्त्या भेटतात: २सी१५८ई, २सी१८४ई आणि २सी२१०ई. पहिल्या दोन्हींच्या व्हिडिओ सिग्नलमध्ये बॅक पोर्च (टीव्हीला काळ्याची पातळी सांगणारा तुकडा) नाही, त्यामुळे नवीन टीव्हीवर चित्र काळवंडलेलं दिसतं. पॅक लावल्यावर चित्र अंधूक झालं असं वाटलं तर यूएलएवरचा नंबर वाचा. त्या तक्रारीचा मेमरीशी संबंध नाही.

अगदी सुरुवातीच्या रॉममध्ये वर्गमुळाची चूक होती: ०.२५ चं वर्गमूळ ०.५ ऐवजी १.३५९१४०९ येतं. तेवढ्यावरून रॅमवर संशय घेऊ नका.

केस न उघडता करायच्या दोन तपासण्या

पहिली तपासणी वेळेची. कळ दाबल्यावर, टेबल हलल्यावर, पॅकला बोट लागल्यावर मशीन जात असेल तर संपर्क. अर्धा तास बरं चालून हात न लावता जात असेल तर उष्णता. फ्रिजचा काँप्रेसर सुरू होताना किंवा पंखा चालू-बंद करताना जात असेल, किंवा चित्रात वर-खाली सरकणारे जाड पट्टे दिसत असतील तर पुरवठा. ठरावीक मोठा प्रोग्रॅम चढवल्यावरच जात असेल आणि छोटे प्रोग्रॅम तासन्‌तास चालत असतील, तर मेमरीतला एखादा कोपरा मेलेला आहे.

दुसरी तपासणी आकड्याची. चालू केल्याबरोबर टाईप करा (पीक म्हणजे त्या पत्त्यावरचा बाइट वाचणं):

प्रिंट पीक १६३८८ + २५६ * पीक १६३८९

रॉम चालू होताना १६३८४ पासून वर रॅम मोजत जातो आणि जिथे रॅम संपली असं त्याला वाटतं तो पत्ता या दोन बाइटांत लिहून ठेवतो. नुसत्या १के मशीनला १७४०८ येतं, २के असेल तर १८४३२, आणि १६के पॅक नीट बसला असेल तर ३२७६८. यांखेरीज दुसरा कोणताही आकडा आला तर तो बरंच सांगून जातो.

२४५७६ म्हणजे बरोबर ८के. ए१३ ही पत्त्याची ओळ (पत्ता सांगणाऱ्या ए० ते ए१५ या तारांपैकी एक) पॅकपर्यंत पोचत नाही, त्यामुळे वरचे ८के म्हणजे खालच्याच ८केचं प्रतिबिंब. २०४८० असेल तर ए१२, १८४३२ असेल तर ए११ (२के मशीनवर हाच आकडा पॅक न दिसल्याचाही असू शकतो). १७४०८ आला तर दोन शक्यता: ए१० तुटली आहे किंवा पॅक मशीनला दिसतच नाही. ३२७६८ पेक्षा कमी आणि असा गोल नसलेला आकडा, समजा २७३१४, दर वेळी तोच येत असेल तर त्या पत्त्यावरचा मेमरीचा पेशी मेला आहे. दर वेळी वेगळा येत असेल तर संपर्काकडे परत या.

कर्सरच येत नसेल तर पॅक काढून चालू करा. पॅकशिवाय येत असेल तर मशीन ठीक आहे.

एज कनेक्टर

मशीनच्या मागे बोर्डाची कडा बाहेर आलेली असते. दोन्ही बाजूंना २३ जागा, दोन जागांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर. तिसऱ्या जागी संपर्काऐवजी खाच कापलेली आहे आणि पॅकच्या कनेक्टरमध्ये तिथे एक पातळ चकती असते. बोर्डाच्या एका बाजूची मोजणी खाचेजवळच्या टोकापासून अशी: १ वर ५ व्होल्ट, २ वर ९ व्होल्ट, ३ खाच, ४ आणि ५ दोन्ही शून्य व्होल्ट, ६ क्लॉक, ७ ते १० ए० ते ए३, मग ११ वर ए१५ आणि तिथून उलट्या क्रमाने २२ वर ए४, शेवटी २३ वर रॉमसीएस (रॉम निवडणारी ओळ). म्हणजे ए१३ जागा १३ वर, ए१२ जागा १४ वर, ए११ जागा १५ वर आणि ए१० जागा १६ वर. वरच्या तपासणीत आलेला आकडा सरळ या जागांवर बोट ठेवतो. बोर्डाच्या दुसऱ्या बाजूला १ वर डी७ (डेटाच्या डी० ते डी७ या ओळींपैकी एक) आणि २ वर रॅमसीएस (आतली रॅम निवडणारी ओळ) आहे.

दोन संपर्क सर्वांत नाजूक. पॅकला ९ व्होल्ट एकाच संपर्कातून मिळतात, त्यामुळे तो निमिषभर सुटला तरी पॅकमधला व्होल्टेज बदलणारा सर्किट डळमळतो आणि साठवलेलं सगळं पुसलं जातं. दुसरा रॅमसीएस. पॅक ही ओळ ५ व्होल्टला बांधून मशीनच्या आतल्या १केला गप्प करतो. हा संपर्क सुटला की आतली आणि बाहेरची रॅम एकाच पत्त्यावर एकदम उत्तर देतात आणि प्रोसेसरच्या हाती भलतंच काही पडतं.

आता संपर्क का सुटतो ते. पॅक नुसता कनेक्टरच्या पकडीवर मागे लोंबतो, त्याला आधार नाही. मेम्ब्रेन कीबोर्डवर कळ लागावी म्हणून जोर द्यावा लागतो. त्या जोराने केस पुढे झुकते आणि पॅक अगदी जरासा वर उचलला जातो. कित्येक बोर्डांच्या कडेला सोन्याचा मुलामा नसून नुसतं कथिल आहे. कथिलावर स्प्रिंग जराजरा घासली की ऑक्साइडची काळपट भुकटी तयार होते, ती दोन्हींच्या मध्ये अडकते आणि संपर्क आणखी खराब होतो. म्हणजे हलण्याने मळ तयार होतो आणि मळामुळे हलणं जास्त बोचतं. म्हणूनच नुसतं साफ केलेलं मशीन काही आठवड्यांत परत बिघडतं, आणि साफ न करता पक्कं बसवलेलं मशीन मुळीच सुधारत नाही. दोन्ही कामं एकाच बैठकीत करायची. मुंबईत आणि कोकणपट्टीत पावसाळी दमटपणा आणि खारी हवा यांमुळे कथिल लवकर काळं पडतं. तिथे सफाई वर्षातून दोनदा धरून चाला.

सफाई अशी. प्लग काढा. पॅक सरळ मागे ओढा, डावीकडे-उजवीकडे हलवत काढू नका. भिंगाखाली कडा बघा: चकचकीत पट्ट्यांवर जिथे स्प्रिंग टेकते तिथे बारीक काळी रेघ असते, तोच आपला शत्रू. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं न धागे सुटणारं कापड कडेवरून आतून बाहेर ओढा. आडवं घासलंत तर मळ एका पट्टीवरून दुसरीवर जातो. काळी रेघ हटत नसेल आणि कडा कथिलाची असेल, तरच पांढऱ्या मऊ खोडरबराने दोन-तीन हात मारा आणि भुकटी अल्कोहोलने पुसा. सोनेरी कडेला खोडरबर नको. पॉलिश पेपर कोणत्याही कडेला नको, कारण खालचं तांबं उघडं पडलं की ते आणखी लवकर काळं होतं. अल्कोहोल उडून गेल्यावर इलेक्ट्रिकल संपर्कांसाठीचा क्लीनर-ल्युब्रिकंट अगदी पुसट लावा. शिवणयंत्राचं तेल लावू नका, त्यावर धूळ बसते.

पॅकच्या बाजूचा कनेक्टर साफ करायला एक जाड कार्डाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून चार-पाच वेळा आत-बाहेर करा. मग टॉर्चने आत बघा. सगळ्या स्प्रिंगा एका रेषेत असायला हव्यात. एखादी दबलेली दिसली तर सुईच्या टोकाने मुळाशी धरून जराशी मध्याकडे आणा. टोकाला धरून ओढली तर ती तुटते, आणि मग कनेक्टरच बदलावा लागतो. खाचेतली चकती जागेवर आहे का तेही बघा. ती हरवली असेल तर पॅक एक घर सरकून बसू शकतो, आणि मग मशीनचे ९ व्होल्ट पॅकच्या ५ व्होल्टच्या जागी जातात. तेवढ्याने पॅकमधल्या टीटीएल (५ व्होल्टच्या लॉजिक) चिपा आणि मेमरी दोन्ही जळतात.

आता पक्कं बसवणं. चिकटमाती काही दिवस चालते, उन्हाळ्यात मऊ पडते. पॅक आणि मशीन एकाच पट्टीवर बसवणं हाच खरा उपाय. ३ मिलिमीटर जाडीचं ॲक्रिलिक घ्या. मशीन १६७ मिलिमीटर रुंद आणि १७५ खोल आहे, त्यामुळे १७० बाय २६० चा तुकडा पुरतो. मशीन त्याच्या रबरी पायांसकट दुहेरी चिकटपट्टीने बसवा. मग पॅक लावून पॅकखालची फट मोजा आणि तेवढ्याच उंचीचा कडक फोम किंवा ॲक्रिलिकचे थर तिथे चिकटवा. फटीपेक्षा जाड थर घातला तर पॅक कायमचा वर ढकलला जातो आणि खालच्या बाजूचे संपर्क सैल राहतात. कागद आत सरकवून बघा: जरा अडकत सरकला पाहिजे. शेवटी पॅकवरून पट्टीभोवती वेल्क्रो.

रिबीन केबलने पॅक दूर ठेवण्याचा उपाय बरेच जण करतात. तो चालतो, पण केबल १० सेंटिमीटरच्या आत ठेवा. लांब केबलने सिग्नल बिघडतात आणि एकाच्या जागी चार जोड होतात.

पुरवठा

मूळ ॲडॅप्टर ९ व्होल्ट डीसी, ७०० मिलिअँपिअर, अनरेग्युलेटेड. ३.५ मिलिमीटरचा जॅक, टोक धन. तोच जॅक इअर आणि माइकलाही आहे आणि तिन्ही भोकं शेजारी-शेजारी, तेव्हा पॉवरच्या भोकावर रंगीत टेप लावून ठेवा.

रिकामा असताना हा ॲडॅप्टर १२-१३ व्होल्ट दाखवतो, म्हणून नुसता मल्टीमीटर लावून 'पुरवठा उत्तम आहे' असं ठरवू नका. मशीन आणि पॅक जोडून चालू असताना मोजा. मशीनच्या आतल्या ७८०५ या रेग्युलेटरला ५ व्होल्ट टिकवायला आत किमान ७ व्होल्ट लागतात, आणि हा किमान आकडा लहरीच्या तळाशीही टिकला पाहिजे. डीसीवर साडेआठ दिसतात, पण मल्टीमीटर एसीवर फिरवल्यावर एक व्होल्टच्या आसपास काही दिसत असेल, तर ॲडॅप्टरमधला मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकला आहे. चाळीस वर्षांच्या ॲडॅप्टरमध्ये हे व्हायचंच. तो दुरुस्त करण्यापेक्षा ९ व्होल्ट १ अँपिअरचा रेग्युलेटेड ॲडॅप्टर घ्या आणि त्याला ३.५ मिलिमीटरची मोनो पिन लावा, टोकाला धन. झेडएक्स प्रिंटर जोडायचा असेल तर १.२ अँपिअरच्या खाली जाऊ नका.

ब्रिटिश ॲडॅप्टर आपल्याकडच्या २३० व्होल्ट ५० हर्ट्झवर चालतो. टाइमेक्स १००० सोबत अमेरिकेतून आलेला १२० व्होल्टचा आहे. तो आपल्या प्लगमध्ये घातला तर लगेच जळेल.

एक सुधारणा हल्ली सर्रास केली जाते आणि तिच्यामुळे पॅक हमखास बंद पडतो: ७८०५ काढून मशीनला यूएसबीतून सरळ ५ व्होल्ट देणं. मशीन एकटं झकास चालतं, गरम होत नाही. पण पॅकला ९ व्होल्टची स्वतंत्र ओळ लागते. ती मेली की पॅकमधले १२ आणि उणे ५ व्होल्ट तयारच होत नाहीत, आणि कर्सर येत नाही. गरमी टाळायचीच असेल तर ७८०५ च्या जागी बसणारा तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर घाला, म्हणजे ९ व्होल्टची ओळ जिवंत राहते.

उष्णता

७८०५ ची चटणी करणारा हिशेब सोपा आहे. आत ११ व्होल्ट, बाहेर ५, प्रवाह ०.४ अँपिअर धरला तर २.४ वॅट उष्णता. ती कीबोर्डखालच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात जाते. पॅक लावला की प्रवाह वाढतो, कारण पॅकची ५ व्होल्टची गरजही याच ७८०५ वर पडते. केस उघडल्यावर रेग्युलेटर आणि पत्रा यांमधला स्क्रू सैल असेल किंवा थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असेल, तर जुनी पेस्ट खरवडून नवीन पातळ थर द्या आणि स्क्रू घट्ट करा. मशीन सोफ्यावर किंवा सतरंजीवर ठेवून वापरू नका, खालची हवा अडते.

किटमधून जोडलेलं मशीन असेल तर

किटच्या बोर्डांवर दोन जागा विशेष बघायच्या. एक म्हणजे सॉकेट. यूएलए, प्रोसेसर आणि रॉम सॉकेटमधून हलकेच उचला, पायांवरून अल्कोहोल फिरवा आणि परत दाबून बसवा. खाचेची दिशा आधी लिहून ठेवा. दुसरी म्हणजे एज कनेक्टरजवळचं सोल्डर आणि पॉवर सॉकेटचे पाय. जॅक रोज उपसल्यामुळे तिथलं सोल्डर गोल तडकतं आणि डोळ्यांना तो फक्त एक बारीक कडा म्हणून दिसतो. नवीन सोल्डर घालून परत वितळवा.

केस उघडताना पाच स्क्रू, त्यांतले तीन रबरी पायांखाली. झाकण उचलताना घाई करू नका. कीबोर्डच्या दोन पारदर्शक शेपट्या, एक ८ ओळींची आणि एक ५ ओळींची, वयाने कडक झालेल्या असतात आणि वाकवल्या की तडकतात. उघडल्यानंतर सलग पाच कळा मेल्या (समजा १ ते ५, किंवा ए ते जी) तर ८ ओळींच्या शेपटीतली एक ओळ गेली. चार-चार कळांचे दोन उभे पट्टे मेले (समजा डावीकडचा आणि उजवीकडचा अगदी कडेचा) तर ५ ओळींच्या शेपटीतली. तडक टोकाजवळ असेल तर तेवढा भाग सरळ कापून शेपटी परत खोचता येते. वर असेल तर नवीन मेम्ब्रेन.

पॅकमधली मेमरी

सिंक्लेअरच्या पॅकमध्ये ४११६ च्या आठ चिपा आहेत, प्रत्येक चिप एका बिटाची. या चिपेला तीन व्होल्टेज लागतात. शून्य धरून पाय १६ वर काळा प्रोब ठेवा: पाय १ वर उणे ५, पाय ८ वर अधिक १२, पाय ९ वर अधिक ५ दिसायला हवेत. उणे ५ नसेल तर चालू करत राहू नका, १२ व्होल्ट एकटे मिळाले तर ही चिप कायमची जाते. याच कारणाने मशीन चालू असताना पॅक काढू-घालू नये.

रॉमची स्वतःची चाचणी फक्त २, १ आणि ० हेच आकडे वापरते. त्यामुळे वरच्या सहा बिटांपैकी एखादा एखाद्या पेशीत कायम शून्य अडकला असेल, तरी ती पास करते आणि ३२७६८ दाखवते. सगळे बिट तपासणारी चाचणी अशी: आधी 'पोक १६३८९,८०' (पोक म्हणजे त्या पत्त्यावर बाइट लिहिणं) आणि मग 'न्यू'. यामुळे २०४८० च्या वरची मेमरी बेसिकच्या हातून सुटते. मग:

१० फास्ट
२० फॉर ए = २०४८० टू ३२७६७
३० पोक ए,१७०
४० नेक्स्ट ए
५० फॉर ए = २०४८० टू ३२७६७
६० इफ पीक ए <> १७० देन प्रिंट ए, पीक ए
७० नेक्स्ट ए

भरणं आणि वाचणं मुद्दाम वेगळं ठेवलं आहे, म्हणजे लिहिलेलं टिकतं का हेही तपासलं जातं. फास्टमध्येही काही मिनिटं लागतात आणि तोवर पडदा कोरा राहतो. काहीच न छापता शून्याचा रिपोर्ट आला तर १७० च्या जागी ८५ घालून परत चालवा. पाच क्रमांकाची चूक आली तर पडदा चुकांनी भरला, 'कॉन्ट' द्या.

छापलेल्या आकड्यावरून चिप सापडते. १७० ऐवजी ४२ आलं तर फरक १२८, म्हणजे डी७. १३८ आलं तर ३२, म्हणजे डी५. १६२ म्हणजे डी३, १६८ म्हणजे डी१. ८५ च्या फेरीत ६४ चा फरक डी६, १६ चा डी४, ४ चा डी२, १ चा डी०. आता पॅक मशीनपासून सुटा करा, मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवा आणि कनेक्टरमधल्या त्या डेटा संपर्कापासून प्रत्येक ४११६ च्या पाय २ आणि पाय १४ कडे जाऊन बघा. जिथे बीप येईल ती चिप. पाय कापून जुनी काढा, भोकं साफ करा आणि सॉकेट लावून नवीन बसवा.

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ४११६ मागितली तर कधीकधी '४१६४ चालेल, तीच आहे' असं सांगून हाती ठेवतात. चालत नाही. ४१६४ चा पाय ८ हा ५ व्होल्टचा आहे, आणि या जागेत त्यावर १२ येतात.

तीन चिपांहून जास्त मेल्या असतील तर जुन्या पॅकवर पैसा घालू नका. ६२२५६ ही एकच स्टॅटिक रॅम घेऊन नवीन पॅक बनवा: फक्त ५ व्होल्ट, ९ व्होल्टच्या ओळीची गरजच नाही. तिचा पाय ए१४ शून्याला बांधला की ३२केपैकी १६के वापरात येतात. ए१४ उच्च आणि एमरेक (मेमरी मागणारी ओळ) नीच असेल तेव्हाच चिप जागी होईल असा एक लॉजिक गेट, मशीनची आरडी (वाचनाची ओळ) चिपेच्या ओईला, डब्ल्यूआर (लेखनाची ओळ) चिपेच्या डब्ल्यूईला, रॅमसीएस ५ व्होल्टला, आणि चिपेच्या पुरवठ्याच्या पायांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक. ए१५ या गेटमध्ये घेऊ नका. चित्र काढताना प्रोसेसर डिस्प्ले फाइल ३२७६८ च्या वरच्या प्रतिबिंबातून वाचतो, आणि ए१५ घातली तर ३२७६८ चा आकडा बरोबर येऊनही पडदा कोराच राहतो.